तुमच्या वाट्याचा गाळ

दवंडीकाकांचा डफ वाजला की आधी गावातली कुत्री उठायची आणि मग माणसं. त्या दिवशी कुत्रीसुद्धा उठली नाहीत. उन्हाळा सरत आला होता, मातीला भेगा पडल्या होत्या, आणि सावली म्हणून जी काही होती ती भिंतीच्या पायाशी अंग चोरून बसली होती. काका मात्र टोपी सारखी करत, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, घसा ताणून सांगत फिरत होते.

"ऐका हो ऐका. तळ्यातला गाळ काढायचा आहे. जो कोणी उद्या सकाळी फावडं-घमेलं घेऊन येईल, त्याला शेतात टाकायला गाळ मिळेल हो."

लोहारानं भाता न थांबवताच मान हलवली. गिरणीवाल्यानं विचारलं, की गाळ मिळेल म्हणजे घरपोच का? तेलीण दारात बसून धान्य पाखडत होती. ती म्हणाली, गाळ कुठे पळून चाललाय, पुढच्या वर्षी काढू. शिंपी तर शिवण सोडून खास बाहेर आला, आणि काकांच्या आवाजाची तारीफ करून परत आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर तीन जीव हजर होते. एक गावाचे कारभारी, दुसरे काका आणि तिसरं कुणाचं तरी गाढव. तेही पाण्याच्या आशेनं आलं होतं.

तळं तसं मोठं होतं, पण वर्षानुवर्षं वाहून आलेल्या मातीनं त्याचं ताट झालं होतं. पाऊस पडला की लगेच भरायचं आणि थंडी सरायच्या आत आटायचं. मग गुरं घेऊन नदीपर्यंत तंगडतोड. हे सगळ्यांना ठाऊक होतं, रोज सगळे त्यावर बोलतही होते. फक्त फावडं कुणी उचलत नव्हतं. पाऊस तर आता उंबऱ्याशी आला होता.

कारभारी काकांपेक्षा वयानं बरेच लहान. काकांना मान देऊन बोलायचे, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, ही दुसरी वेळ," ते म्हणाले. "मागच्या दवंडीलाही कोणी आलं नाही. तुमचा आवाज आता पोचत नाही."

"आवाज पोचतो कारभारी. माणसं पोचत नाहीत."

"शहरात मी भोंगा बघितलाय. आपल्या घराच्या छपरावर बसवायचा, खाली बसून बोलायचं. गाव काय, शिवारात माणूस असला तरी ऐकेल. त्याला ना ऊन लागतं ना खोकला येतो." मग जरा थांबून, पायानं माती उकरत ते म्हणाले, "अजून एकदा फिरा. या वेळी गाव आलं तर बरं. नाहीतर डफ खुंटीला टांगा आणि आराम करा."

आराम हा शब्द काकांना दगडासारखा लागला. डफ त्यांच्या वडिलांचा, त्यांच्याही वडिलांचा. सुगीला घराघरातून पसाभर धान्य यायचं ते या डफामुळे, आणि लहानथोर रस्त्यात थांबून 'काय नवीन?' म्हणून विचारायचे तेही या डफामुळे. डफ गेला की काका म्हणजे गावातला आणखी एक म्हातारा. म्हातारे गावात आधीच भरपूर होते.

त्यातून काकांचा एक नेम होता. सांगणारा जे सांगेल ते जसंच्या तसं सांगायचं. शब्द घालायचा नाही, शब्द गाळायचा नाही. वडिलांनी लहानपणी त्यांना बजावलं होतं, की आपण पन्हळ आहोत, वरून पडेल ते खाली सोडायचं, मधे गूळ कालवायचा नाही. काकांनी हा नेम इतका पाळला, की एकदा कारभारी गुरांच्या डॉक्टरचा निरोप सांगत होते आणि सांगता सांगता बायकोकडे वळून म्हणाले, चहात किती साखर घातलीस, माशी बुडून मरेल. काकांनी सगळ्या गल्ल्यांतून सांगितलं की डॉक्टर येणार आहेत, गुरं बांधून ठेवा आणि चहात किती साखर घातलीस, माशी बुडून मरेल हो. पुढे कितीतरी दिवस लोक कारभाऱ्यांना माशीची खुशाली विचारत होते. तेव्हापासून कारभारी निरोप सांगून झाल्यावरच चहा मागवत.

काका घरी आले ते थेट ओट्यावर बसले. डफ मांडीवर घेतला आणि उगाच त्याची धूळ पुसू लागले.

सहा वर्षांची नात अंगणात मातीचे बैल करत होती. कोपरापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, केसांतही थोडा. मुलगा-सून पहाटेच शेतावर गेले की तिचं सगळं आजीकडे, म्हणजे काकूंकडे असायचं. डफ दिसल्याबरोबर ती बैल टाकून धावली.

"आजोबा, मी वाजवू?"

"नाही."

"एकदाच?"

"नाही म्हटलं ना. डफाला हात लावायचा नाही. आणि हे काय अंग केलंयस? आंघोळ करतेस का?"

"नाही," नात म्हणाली. नाही म्हणण्यात ती आजोबांवरच गेली होती.

काकांनी समजावलं, दटावलं, मुंग्या चावतील म्हणून सांगितलं. नातीनं प्रत्येक वेळी तितक्याच गोडव्यानं मान हलवली. तेवढ्यात काकू बादली घेऊन मागच्या दारातून आल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलंही नाही. बादली ठेवता ठेवता म्हणाल्या, "काय गं, गरम पाण्यानं करतेस की कोमट?"

"कोमट," नात म्हणाली.

"आधी पाय धुवायचे की डोकं?"

"पाय. डोक्याला मी सांगेन तेव्हा." आणि ती स्वतःच कपडे काढून दगडावर जाऊन बसली.

काका बघतच राहिले. पोरगी अंगाला साबण लावून घेत होती आणि तोंडानं अशी ऐट, जशी आंघोळीची कल्पना तिचीच.

"हे काय केलंस तू?" त्यांनी काकूंना हळूच विचारलं.

"काय केलं? आंघोळ घातली."

"मी अर्धी घटका विचारतोय, तर नाही म्हणत होती."

"तुम्ही विचारलंत करतेस का. असं विचारलं की नाही म्हणायला जागा राहते. आंघोळ ठरलेलीच आहे. तिला फक्त पाणी निवडायचं." काकूंनी तांब्या ओतला. "माणसाला निवडायला काहीतरी लागतं हो. लहान असो नाहीतर मोठं. ते हातात दिलं की बाकीचं कुणी बघत नाही."

काकांनी मग तळ्यावरची सगळी हकीकत सांगितली. गाढवाचं मात्र सांगितलं नाही. काकू ऐकत होत्या आणि नातीच्या कानामागचा चिखल काढत होत्या. दवंडी काय दिली ते त्यांनी पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि हसू दाबलं.

"मिळेल म्हणालात होय. मिळेल म्हटलं की माणूस आळसावतो. मिळेल तेव्हा मिळेल. मागच्या महिन्यात मी तेलीणबाईला आपला जुना हंडा देत होते, आठवतंय? फुकट. तर म्हणे कशाला, घरात अडगळ. मग मी म्हटलं, बरं, तुझा म्हणून बाजूला ठेवला होता, पण लोहाराची बायको मागतेय तर तिला देते. पुढचं काय सांगू. त्याच संध्याकाळी हंडा डोक्यावर घेऊन गेली. त्याला भोक आहे हे बघायलाही थांबली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गाळ मिळेल म्हणू नका. गाळ तुमचाच आहे म्हणा, आणि तुम्ही आला नाहीत तर शेजारी नेईल म्हणा. गाळ तोच, तळं तेच."

काका एकदम उठून उभे राहिले, आणि तसेच खाली बसले. "पण शब्द कारभाऱ्यांचा. मी कसा बदलू? जन्मात बदलला नाही."

"तुम्ही कशाला बदलताय? त्यांनाच बदलू दे," काकू म्हणाल्या. "त्यांनाही निवडायला आवडतंच की. कारभारी झाले म्हणून काय, आंघोळ त्यांनाही पाण्यानंच करावी लागते."

संध्याकाळपर्यंत काका गोठ्यात गायीपुढे उभे राहून सराव करत होते. गाय ऐकून घेत होती, पण तिचं मत कळलं नाही.

कारभारी अंगणात खाटेवर पडून आभाळाकडे बघत होते. पश्चिमेला ढगांची एक काळी कड दिसत होती. काका गेले आणि घाबरून पहिल्याच वाक्याला घसरले.

"कारभारी, दवंडीचे शब्द जरा बदलता का?"

"नाही," कारभारी म्हणाले. "शब्दांत काय खोट आहे?"

काकांना आंघोळीचा दगड आठवला. त्यांनी घसा साफ केला आणि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. म्हणाले, शब्द उत्तमच आहेत, फक्त एक शंका आहे. लोक विचारतात म्हणून विचारतो. "ज्याच्या त्याच्या वाट्याचा गाळ आपण दुपारपर्यंत राखून ठेवायचा, की सूर्य मावळेपर्यंत?"

कारभारी उठून बसले. "वाट्याचा?"

"तळं सगळ्यांचं, म्हणजे गाळही घराघराचा वाटाच झाला ना."

"तो तर झालाच." कारभाऱ्यांनी जरा विचार केला. "दुपार फार लवकर होते. सूर्य मावळेपर्यंत राखू."

"बरोबर. आणि जो येणार नाही त्याचा वाटा त्याच्या शेजाऱ्याला द्यायचा, की पलीकडच्या गावाला?"

आता मात्र कारभारी खाटेवरून उतरले आणि अंगणात फेऱ्या मारू लागले. प्रश्न मोठा होता आणि तो आपल्याला विचारला गेला आहे, हे त्यांच्या चालीत दिसत होतं. पलीकडच्या गावाला द्यायचं म्हणजे आपल्या तोंडचं काढून परक्याला, असं ते म्हणाले. मग शेजाऱ्याला दिलं तर भांडणं होतील, असंही म्हणाले. शेवटी थांबले, बोट वर केलं आणि निर्णय दिला.

"शेजाऱ्याला. गावातलं गावात राहू दे. लिहून घ्या, म्हणजे लक्षात ठेवा. तुमच्या वाट्याचा गाळ तळ्यात आहे. उद्या सूर्य मावळेपर्यंत तो तुमचा. तुम्ही आला नाहीत तर तुमचा शेजारी नेईल."

काकांनी तीनदा म्हणून दाखवलं. कारभाऱ्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली आणि मगच चहा मागवला.

त्याच संध्याकाळी डफ वाजला. काकांनी एकही शब्द घातला नाही आणि एकही गाळला नाही. "ऐका हो ऐका. तुमच्या वाट्याचा गाळ तळ्यात आहे. उद्या सूर्य मावळेपर्यंत तो तुमचा. तुम्ही आला नाहीत तर तुमचा शेजारी नेईल हो."

लोहाराचा भाता थांबला. हातोडी खाली ठेवून तो दारात आला. "माझा वाटा कोण नेतोय म्हणालात?"

"जे सांगितलंय तेच सांगतोय बाबा."

लोहारानं शेजारच्या गिरणीकडे पाहिलं. गिरणीवाला पिठानं माखलेला बाहेर आलाच होता, आणि तो लोहाराकडे बघत होता. वर्षानुवर्षं एका भिंतीला भिंत लावून राहणारी दोन भली माणसं, पण त्या घडीला दोघांच्याही नजरेत एकमेकांची घमेली दिसू लागली. तेलीण सूप टाकून आत गेली आणि फावडं शोधू लागली. ते तिनं मागेच कुणाला तरी दिलं होतं. मग ते आणायला निघाली, आणि दिलेलं फावडं परत मागण्यावरून तिथे वेगळं भांडण झालं.

पहाटे काका तळ्यावर गेले तर त्यांना उभं राहायला जागा नव्हती. बैलगाड्या, हातगाड्या, टोपल्या, जुने हंडे. तेलीणबाईचा भोकाचा हंडाही आला होता, आणि गाळ भोकातून गळत नाही म्हणून ती खूश होती. माणसं वरची वाळलेली खपली फोडून कमरेएवढ्या काळ्या चिखलात उतरून असा गाळ उपसत होती जसं कुणी मागे लागलंय. जो तो स्वतःचं घमेलं भरत होता आणि शेजाऱ्याचं मोजत होता. लोहारानं गिरणीवाल्याला विचारलं, तुला शेत आहे कुठे? गिरणीवाला म्हणाला, परसात दोन वेली आहेत, त्यांना काय जीव नाही? शिंप्याला तर वेलही नव्हती. त्यानं आपल्या वाट्याचा गाळ दुकानासमोर ढीग करून ठेवला आणि त्याच्यावर राखण बसला. काय करणार याचं, असं कुणी विचारलं की म्हणायचा, माझा आहे.

ओल्या मातीचा वास गावभर पसरला. दुपारी बायकांनी जेवणं तिथेच आणली. भांडता भांडता लोक हसू लागले, एकमेकांच्या गाड्यांना हात देऊ लागले. दिवस कलला तेव्हा तळ्याचा जुना दगडी तळ दिसला. तो म्हाताऱ्यांनीसुद्धा लहानपणीच पाहिला होता. नात त्या दगडांवर अनवाणी नाचली, आणि यावेळी तिला आंघोळीचं कुणीच विचारलं नाही.

काका काठावर बसून होते. पाठ मोडली होती, पण छाती वीतभर पुढे आली होती. डफ वाचला.

तेवढ्यात कारभारी हात धुऊन आले आणि शेजारी टेकले. त्यांच्या अंगावर गाळाचा एक शिंतोडा होता, आणि तो ते पुसत नव्हते.

"बघितलंत काका? शब्दांत ताकद पाहिजे."

"पाहिजे तर."

"मी काल रात्री तोच विचार करत होतो. असे शब्द मला सुचतात, आणि ते एका घशातून गल्लीगल्लीत जायला संध्याकाळ होते. वाया जातात. भोंगा असता तर एका दमात गावभर." त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची काही चूक नाही. पण आता तर भोंगा घ्यायलाच पाहिजे."

गाव आलं नसतं तरी डफ गेला असता, आणि गाव आलं म्हणूनही डफ चालला. उद्या गावाला विचारून टाकू, कारभारी म्हणत होते, मी काही मनमानी करणारा नाही, गाव म्हणेल तसं, तुम्हीच दवंडी द्या.

काका समोर बघत राहिले. चिखलातून लोक एकेक करून वर येत होते. लोहार कमरेवर हात ठेवून वाकडा चालला होता. तेलीण एका दगडावर बसली होती, आणि उठायचं कसं यावर तिचा विचार चालला होता. गिरणीवाल्याला दोघांनी धरून नेलं. ते सगळं काकांनी नीट पाहिलं, आणि मग अगदी साधेपणानं विचारलं.

"ज्यांना भोंगा हवा त्यांनी उद्या या काठावरच्या झाडाखाली सकाळी यावं म्हणू, की संध्याकाळी?"

कारभाऱ्यांनी क्षणभर विचार केला. "संध्याकाळी. दिवसभर लोकांना विश्रांती मिळू दे."

"लोकांचा विचार करावा तर तुम्हीच," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवंडी फिरली. ज्यांना भोंगा हवा त्यांनी आज संध्याकाळी तळ्याकाठच्या झाडाखाली यावं हो. लोक अंथरुणातूनच ऐकत होते. ज्यांना नको त्यांनी काय करायचं हे दवंडीत नव्हतं, म्हणजे काहीच करायचं नव्हतं, आणि त्या दिवशी गावात सगळ्यांना तेच करायचं होतं.

संध्याकाळी कारभारी झाडाखाली बसले. बऱ्याच वेळानं गिरणीवाला लंगडत आला. कारभाऱ्यांचा चेहरा उजळला. पण तो कोण कोण आलंय हे बघायला आला होता. कुणी आलं नाही हे बघून तोही गेला. अंधार पडेपर्यंत कारभारी थांबले, मग उठले आणि काकांना म्हणाले, "एकालाही भोंगा नको. मला वाटलं नव्हतं गावाचा डफावर इतका जीव असेल."

काकांनाही वाटलं नव्हतं. जीव डफावर होता की अंथरुणावर, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर कसं विचारायचं, हा प्रश्नच होता.

पावसाचे पहिले थेंब अंगावर घेतच ते घरी पोचले. काकूंना सगळं सांगताना त्यांनी अंगणात कारभाऱ्यांसारख्या फेऱ्या मारून दाखवल्या. म्हणाले, आता मला ही विद्या पूर्ण कळली. यापुढे कुणी मला दोन गोष्टींतली एक निवडायला सांगू दे, मी आधी तिसरी शोधीन.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "मग आधी सरपण आत घेता की गाय बांधता?"

"गाय," काका म्हणाले आणि गोठ्याकडे निघाले. अर्ध्या वाटेत थबकले, मागे वळून पाहिलं, पण काकू चुलीत फुंकर घालत होत्या आणि पाऊस वाढत होता. गाय बांधून ते सरपणही घेऊन आले.

पहाटे आभाळ मोकळं झालं होतं. तळं निम्म्यानं भरलं होतं. गुरं पाण्यावर कधी सोडायची याचा निरोप कारभाऱ्यांकडून आला होता. काकांनी वहाणा घातल्या, टोपी सारखी केली आणि खुंटीवरचा डफ काढला. दारात नात उभी होती. तिचे हातपाय धुतलेले होते आणि केसही विंचरलेले. सांगितल्याशिवाय.

"आजोबा, मी येतेय बरोबर."

"ये की."

"मग डफ मी तुम्ही ओरडायच्या आधी वाजवू, की ओरडून झाल्यावर?"

काका घाईत होते. लोक वाट बघत असतील, गुरं दावणीला हंबरत होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि एका जाणत्या माणसाच्या थाटात म्हणाले, "आधी. आधी वाजवल्याशिवाय लोक ऐकतील कसे?"

पहिल्या गल्लीच्या तोंडाशी डफ दणादण वाजला, जरा वाकडा, पण दणादण. कुत्री उठली. लोहार दारात आला, आणि डफ कुणाच्या हातात आहे ते बघून हसू लागला. तेव्हा कुठे काकांच्या लक्षात आलं. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं. काकू दारात पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"आजोबा, ओरडा ना," नात म्हणाली. "मोठ्यानं ओरडता की लांबवून?"

"लांबवून," काका म्हणाले, आणि त्यांनी घसा ताणला.